नाना, तुमच्या पुस्तकात न आलेला धडा

नाना, तुमचं पुस्तक काल परत वाचायला घेतलं आणि निम्म्यात मिटून ठेवलं. त्यात तुम्ही कुठंच सापडत नाही हो. फोटो तेवढा तुमचा आहे, तोही स्टुडिओत जाऊन काढलेला, हनुवटीखाली हात देऊन. इतक्या वर्षांत तुम्हाला हनुवटीखाली हात घेऊन बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. तुमचा हात एक तर फोनवर, नाही तर भेळेच्या कागदात.

‘व्यवहार चोख, झोप गाढ’ हे नाव तुमचंच, हे मला माहीत आहे. बाकी सगळं त्या निगडीच्या निवृत्त सरांनी लिहिलं. तुम्ही सांगत होता, ते उतरवून घेत होते, आणि मधल्या मध्ये तुमची भाषा कुठं सांडली देव जाणे. ‘पैसा बुडाला म्हनून मानूस बुडत न्हाई. त्यो पोहत पोहत दुसऱ्या गावाला जातो आन् तितं नवं कर्ज मागतो,’ हे तुमच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल! पुस्तकात त्याचं ‘अपयश ही यशाची पहिली पायरी होय’ झालंय. मी तेव्हाच म्हटलं होतं, ‘नाना, हे तर शाळेच्या भिंतीवर लिहितात.’ तर तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘आगं, भिंतीवर टिकलं तर पुस्तकात बी टिकंल की.’ तुमच्याशी वाद घालायचा म्हणजे हे असं.

प्रकाशनाचा दिवस आठवतो का? तुमचा पंच्याहत्तरावा वाढदिवस, मोशीचं मंगल कार्यालय, बुंदीचे लाडू. सर माइकवरून तुमचे यशाचे धडे वाचून दाखवत होते. धडा पहिला, यशस्वी माणसाने पहाटे पाचला उठावे. पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंना जे हसू फुटलं ते पदरानं आवरेना. घरात सकाळचे नऊ वाजल्याशिवाय तुम्ही कूस बदलत नव्हता, हे त्या एकट्यांनाच माहीत होतं. त्या दिवशी ते सगळ्या भोसरीला कळलं. धडा दुसरा, राहणी साधी ठेवावी. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी चप्पल, इथपर्यंत खरं आहे. पण शर्टाच्या आत ती सोन्याची जाड साखळी होती ना? मी एकदा विचारलं होतं, ‘घालायची तर बाहेर काढून घाला की.’ तुम्ही म्हणालात, ‘बाहेर काढली की कर्जदार म्हनतो, ही माझ्याच व्याजाची हाय.’ ही खरी अक्कल, नाना. ही कुठं आहे पुस्तकात?

तुमच्याकडून मशीनसाठी पैसे घेतलेली माझ्यासारखी माणसं भोसरीपासून चाकणपर्यंत गल्लोगल्ली आहेत. दिघीतली तुमच्या घराण्याची जमीन संपादनात गेली, हातात पैसा आला, तेव्हा तुमच्या चुलतभावांनी बंगले बांधले, गाड्या उडवल्या. तुम्ही हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली घेतली आणि लोकांना मशिनी घेऊन द्यायला लागलात. गावानं तुम्हाला वेड्यात काढलं. बँका कागद बघायच्या. कागद तर आमच्याकडं नसायचेच. तुम्ही मशीन बघायचात.

आणि बघायची तुमची तऱ्हा तरी केवढी! खंडेनवमीला इथल्या प्रत्येक गाळ्यात मशीन धुऊनपुसून झेंडूचे हार चढतात. त्या दिवशी तुम्हाला शंभर ठिकाणची आमंत्रणं, पण तुम्ही एकीकडंही फिरकायचा नाहीत. म्हणायचात, ‘आज समद्या मशिनी नव्या नवऱ्या हायती. आज काय बघायचं?’ पुढच्या आठवड्यात मात्र न सांगता टपकायचात. मशिनच्या तोंडाशी वाळका हार तसाच लोंबत असला की कळायचं, ही नवरी पूजेपासून फिरलीच नाही, धंदा बसलाय. हळूहळू लोकांना हे कळलं आणि मशीन बंद असलं तरी ते दुसऱ्या दिवशी हार काढून फेकायला लागले. मग तुम्ही खाली वाकून लोखंडाचा कीस बोटात धरून बघायला लागलात, ताजा आहे की गंजलेला. सरांनी या सगळ्याचं एका ओळीत ‘निरीक्षणशक्ती महत्त्वाची’ करून टाकलं. माझा तर संताप झाला.

आता माझीच गोष्ट घ्या. पुस्तकात ती नाही, ते बरंच झालं.

मी अण्णांच्या वर्कशॉपमध्ये माल तपासायला होते. लातूरकडची पोरगी, लग्न होऊन इकडं आलेली. नवरा चाकणला कंपनीत, घरी सासू आणि मुलगी. अण्णा म्हणजे भोसरीतला जुना माणूस, हाताखाली आठ-दहा कामगार, आवाज एवढा की मशीन चालू असताना शेजारच्या गाळ्यात ऐकू यावा. त्यांच्याकडं राहून मी सगळं शिकले. आणि एक दिवस सांगून टाकलं की मला माझं मशीन टाकायचंय. अण्णांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. मी तुमच्याकडं आले, तर तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्लीत, आणि म्हणालात, ‘ठीकाय. तुझ्या मालकाला इचारून येतो.’

मी तशीच उठले. घरी जाऊन मी नवऱ्याला, दिलीपला म्हटलं, ‘संपलं. अण्णा आता माझी वाट लावणार.’ दिलीप म्हणाला, ‘दुसरीकडं बघू.’ दुसरीकडं कुठं बघणार? कोण उभं करणार होतं आम्हाला? तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. आणि आठव्या की नवव्या दिवशी तुमचा फोन, ‘ए लातूर, ये. सही कर.’

मी तुम्हाला किती वेळा विचारलं असेल, की अण्णा काय म्हणाले? तुमचं ठरलेलं उत्तर, ‘ते त्याचं माझं.’ मी माझ्या मनाशी धरून चालले की माणूस दिलाचा मोठा. बोलणं सोडलं, पण वेळ आली तेव्हा आपल्याबद्दल चार शब्द चांगले बोलला. मग काय, दर दिवाळीला अण्णांच्या घरी फराळाचा डबा. चकली, करंजी, अनारसे, सगळं साजूक तुपातलं. दिलीप म्हणायचा, ‘सख्ख्या भावाला तू इतकं पाठवत नाहीस.’ मी म्हणायचे, ‘उपकार विसरू नये माणसानं.’

तुम्ही हे सगळं बघत होता आणि एक अक्षर बोलला नाहीत. धन्य आहे तुमची.

टाळेबंदीत सगळे गाळे बंद पडले, तेव्हा तुमचा फोन आला की मी तो लगेच उचलायचे नाही. वाटायचं, आता हप्त्याचं काढणार. तुम्ही ओरडायचात, ‘हप्ता ऱ्हाऊ दे. मशिनला तेल मारलंस का? गंजलेलं मशीन मी काय माझ्या दारात उभं करू?’ पोलिसांच्या परवानगीचं काय काय जमवून तुम्ही माणसं पाठवलीत, गाळे उघडून मशिनींना तेल लावून घेतलंत. तेव्हा भीतीनं हसूही येत नव्हतं. आता आठवलं की हसू येतं आणि डोळेही भरतात. ‘भावनेला व्यवहारात थारा देऊ नये’ असा धडा तुमच्या नावावर छापलाय, नाना. छापताना सरांचा हात कसा नाही थरथरला?

आपलं शेवटचं भांडण सुनीतावरून झालं. ते अर्ध्यावर राहिलं म्हणूनच हे सगळं लिहायला बसलेय.

सुनीता माझ्याकडं आली तेव्हा तिला मोजपट्टी धड धरता येत नव्हती. बीडकडची, काळेवाडीत एका खोलीत राहणारी, नवऱ्यानं वाऱ्यावर सोडलेली. मी तिला मशिनपुढं उभं केलं. बघता बघता ती अशी तयार झाली की दुसरी शिफ्ट तिच्या भरवशावर सोडून मी निवांत घरी जायचे. चाकणच्या ज्या कंपनीच्या बुशवर, म्हणजे त्या लोखंडी नळकांड्यांवर, माझा गाळा चालतो, तो माल सगळा तिच्या हातचा. आणि या बयेनं एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, ‘ताई, मला माझं काही तरी करायचंय. नानांना भेटून आले.’ वर हेही सांगितलं, की कंपनीतले साहेब थोडा माल तिला द्यायला तयार आहेत. थोडा म्हणजे माझ्यातलाच की! मी डबा झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचा फोन. ‘ए लातूर, जेवलीस का? ती तुझी पोरगी आलीया माझ्याकडं. कशी हाय? पैसे देऊ का?’

मग मी जी सुटले! नाना, मी तुम्हाला काय काय ऐकवलं ते मला लख्ख आठवतं. म्हटलं, अजिबात देऊ नका. मी हिला हाताला धरून शिकवलं आणि ही माझ्याच ताटातलं उचलायला निघाली. तुम्ही म्हणालात, ‘हं. आनि?’ म्हटलं, माझे सगळे रेट हिला तोंडपाठ आहेत. ‘आनि?’ म्हटलं, मशिनचं सेटिंग बिघडलं तर मला नाही सापडत ते हिला सापडतं, ही गेली तर माझी रात्रपाळी कोण सांभाळणार? ‘आनि?’ म्हटलं, आणि काय आणि! कंपनीचे लोकसुद्धा आताशा मला सोडून हिलाच फोन करतात. कृतघ्न आहे ती, एक रुपया द्यायचा नाही तिला. तुम्ही म्हणालात, ‘बरं, बरं. ये एकदा समोर, बोलू.’ मी म्हटलं, ‘येत नाही.’ आणि फोन ठेवला.

आणि तुम्ही त्याच आठवड्यात गेलात. दुपारी जेवलात, आडवे झालात, उठलाच नाहीत. गाढ झोप म्हणजे किती गाढ हो, नाना? तुमच्या मुलाचा, सचिनचा फोन आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत तेलात होते. तसेच तेलकट हात घेऊन मी रिक्षात बसले. रस्ताभर एकच डोक्यात, की मी ‘येत नाही’ म्हणाले होते.

तुमच्यामागे मला काय उणं पडलंय सांगू? भांडायला माणूस नाही. घरात दिलीप आहे, पण तो दुसऱ्या वाक्याला ‘तुझं बरोबर आहे’ म्हणतो. त्याच्याशी काय भांडायचं, कपाळ! इंजिनियर झालेली मुलगी फोनवर ‘आई, रिलॅक्स’ म्हणते. मला चढवणारं, चिडवणारं, आणि शेवटी भेळ मागवणारं माणूस एकच होतं.

इकडं सुनीता कामावर येत होती. डोळे सुजलेले. मशीन पुसता पुसता म्हणाली, ‘ताई, नाना गेले. आता माझ्यासारखीला कोण पुसणार?’ तुमचा कारभार आता सचिनकडं, म्हणून तिची सगळी आशा त्याच्यावर होती, आणि तिच्या बाबतीत तो मला विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी दोन मनं झाली होती. एक मन म्हणायचं, जाऊ दे, पोरीचं भलं होऊ दे. दुसरं म्हणायचं, आणि तुझ्या गाळ्याचं काय, तुझ्या पाच माणसांचं काय? खरं सांगते, दुसरं मन जड होतं. दशक्रियेला निघाले ती सचिनला बाजूला घेऊन ‘नको’ सांगायचं ठरवूनच.

तुमची दशक्रिया मात्र जोरदार झाली हं. आळंदीला घाटावर ही गर्दी. चार पुढाऱ्यांची भाषणं झाली, चौघांनीही तुम्हाला ‘अर्थक्षेत्रातील दीपस्तंभ’ म्हटलं. चौघांनाही ते एकाच माणसानं लिहून दिलं असणार. पिंडाला कावळ्यानं वाट बघायला लावली नाही. ठेवायचा अवकाश, झडपच घातली. काकू रडता रडता म्हणाल्या, ‘जेवन दिसलं की कवाच थांबले न्हाईत हे.’ आजूबाजूच्या सगळ्या बायका डोळे पुसत हसल्या.

चहाच्या वेळी अण्णा दिसले. आता काठी घेऊन चालतात, आवाज मात्र तोच. मी पाया पडले, मला रडू आवरेना. तर म्हणतात कसे, ‘तू का रडतीस? तुला तर त्यानं माझ्या शिव्यांवर पैसे दिलं.’

मी म्हटलं, ‘शिव्या? अण्णा, तुम्ही चांगलं सांगितलंत म्हणून तर...’

‘मी? चांगलं? आगं, मी तुझी सालटी काढली व्हती! म्हनलं, बाई डोक्याला ताप हाय. केसाएवढा फरक दिसला तरी आख्खी पेटी परत पाठवती, आमाला दमानं जेवू देत न्हाई. गिऱ्हाइकं तिच्याशीच बोलत्यात, मला कुनी इचारत न्हाई. ती गेली तर माझं दुकान कोन बघनार? एक दमडी दिऊ नको. आन् ह्यो नाना समोर बसून नुसता ‘आनि?’ ‘आनि?’ करतोय. मी आपला बोलतोय. शेवटाला उठला, खांद्यावर हात ठिवला आन् म्हनला, अण्णा, बिनकामाचं मानूस चाललं तर मालक पेढे वाटतो. तू तर रडाया लागलास. हिला द्यायलाच पायजेत.’

अण्णा पुढं म्हणाले, ‘वर तू दरसाल फराळ पाठवतीस. आमची ही म्हनायची, बगा, कशी तुपातल्या करंज्यांनी तुमच्या थोबाडीत मारतीया.’

नाना, मी अडकले ती त्या ‘आनि?’वर. फोनवरचा तुमचा आवाज जसाच्या तसा कानात वाजला. मी कप तिथंच ठेवला आणि सचिनला शोधत निघाले. तो तांब्या घेऊन कुणाच्या तरी हातावर पाणी घालत होता. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, ‘ताई, तुम्हाला सांगायचंच होतं. तुमच्या त्या सुनीताचं काम नानांनी तेव्हाच मंजूर करून ठेवलंय. तुमचा फोन झाला आणि लगेच सही केली. मी म्हटलं, ताई नको म्हणतात ना? तर हसायलाच लागले. म्हणाले, लातूर लई म्हंजी लईच पेटलीया. डोळं झाकून दे.’

मी हसले. घाटावर, दशक्रियेच्या दिवशी, तोंडावर पदर घेऊन मी खदखदा हसले. काकूंच्या बहिणीला वाटलं मला हुंदका फुटला. त्यांनी मला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. आणि मग खरंच हुंदका फुटला, तो काही केल्या थांबेना. माझ्या संतापातून तुम्ही जे नेमकं उचलायचं ते उचलून मोकळे झालात आणि मी मात्र उगीच ‘समोर आले नाही’ म्हणून जिवाला खात होते. समोर आले असते तरी तुम्ही भेळच खाऊ घातली असती. निर्णय तर झालाच होता.

सचिनला ‘नको’ सांगायला गेलेली मी, त्याला म्हटलं, ‘लवकर दे. दसऱ्याच्या आत मशीन येऊ दे तिचं.’

राग गेला असं समजू नका हं. सुनीतानं माझ्या मागच्याच गल्लीत गाळा घेतलाय. बुशचा बराचसा माल आता तिकडं जाणार. मी चाकणच्या खेपा मारून मारून दुसरं काम मिळवलं, पण रात्रपाळीला अजून तिच्यासारखं कुणी मिळालेलं नाही. नव्या पोराला शिकवताना रोज तिच्या नावानं बोटं मोडते. आणि बोटं मोडता मोडता मनात येतं, अण्णांनी माझ्या नावानं किती मोडली असतील! तुम्ही मला उभं केलंत ते अण्णांच्या पोटात दुखवून. आता सुनीताला उभं केलंत ते माझ्या. एवढी वर्षं मी तुम्हाला एकट्या माझे नाना समजत होते. हे पचायला जरा जड गेलं, पण पचलं.

परवा तिच्या मशिनची पूजा झाली. मी जाणार नव्हते, मग गेले. नवी कोरी साडी, कपाळाला मळवट, आणि पाहुण्यांना चहा द्यायचं सोडून तिचं सगळं लक्ष मशिनच्या आवाजाकडं. मला बघितल्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आली. म्हणाली, ‘ताई, एक विचारू? रागावू नका. पैसे द्यायच्या आधी नानांनी तुम्हाला फोन केला होता ना? मी तर आशाच सोडली होती. काय सांगितलंत तुम्ही माझ्याबद्दल?’

मी पेढा तोंडात टाकला.

‘सुनीता,’ मी म्हटलं, ‘तुझ्याबद्दल जेवढं चांगलं बोलले ना, तेवढं आजवर मी कुणाबद्दल बोलले नाही.’

ती रडायला लागली, भर पाहुण्यांत माझ्या पाया पडली. आणि नाना, तुमची शपथ, एका अक्षरानंही खोटं बोलले नाही मी.